थेट वस्त्रछपाई

थेट वस्त्रछपाई ही शिवून तयार झालेल्या कपड्यावर संगणकाच्या साहाय्याने, शाईचे सूक्ष्म थेंब फवारून चित्र किंवा मजकूर उमटवण्याची पद्धत आहे. तिला व्यवसायात डायरेक्ट-टू-गारमेंट किंवा संक्षेपाने डीटीजी असे म्हणतात. या पद्धतीत स्क्रीन, ठसा किंवा हस्तांतरणाचा कागद लागत नाही. त्यामुळे एकच टी-शर्ट छापणे आणि प्रत्येक टी-शर्टवर वेगळे नाव छापणे या दोन्ही गोष्टी सारख्याच सुलभ होतात. मागणीनुसार छपाई करणारे लघुउद्योग, महाविद्यालयीन संमेलने, गणेशोत्सव मंडळे आणि ढोल-ताशा पथके यांच्याकडून येणारी कमी संख्येची कामे हे या पद्धतीचे प्रमुख क्षेत्र होय. मात्र या यंत्राचा खर्च खरेदीबरोबर संपत नाही. यंत्र वापरात नसतानाही त्याची निगा राखावी लागते, आणि लहान व्यावसायिकाचा नफा-तोटा बहुतांशी याच बाबीवर ठरतो.

इतिहास

शाईफवारा मुद्रणाचे तंत्र कागदासाठी विकसित झाले. ते तयार कपड्यावर वापरण्याच्या पद्धतीसाठी अमेरिकेतील मॅथ्यू रोम यांनी १९९६ मध्ये एकस्वाचा अर्ज केला व २००० मध्ये त्यांना एकस्व मिळाले. पुढील काही वर्षांत कागदाच्या मुद्रकांत फेरबदल करून बनवलेली यंत्रे बाजारात आली. इस्रायलमध्ये २००२ साली स्थापन झालेल्या कॉर्निट डिजिटल या कंपनीने मोठ्या कारखान्यांसाठी यंत्रे बनवली. जपानच्या ब्रदर कंपनीचे जीटी-५४१ हे यंत्र २००५ मध्ये आले. त्यात पांढरी शाई नसल्यामुळे ते फिकट कपड्यांपुरतेच उपयोगी होते. पांढऱ्या शाईचा प्रश्न सुटू लागल्यावर गडद कपड्यांवर छपाई शक्य झाली व या व्यवसायाचा खरा विस्तार झाला. एप्सन कंपनीने २०१३ मध्ये शुअरकलर एफ२००० हे प्रारंभापासून कापडासाठीच रचलेले यंत्र आणले. त्यानंतर लहान दुकानांसाठी कारखान्यात तयार झालेली यंत्रे आणि स्थानिक पातळीवर फेरबदल केलेली यंत्रे असे दोन वर्ग बाजारात स्पष्टपणे दिसू लागले.

कार्यपद्धती

छपाईचे काम साधारणपणे पाच टप्प्यांत होते.

१. चित्राची सिद्धता : चित्राची फाइल रिप या सॉफ्टवेअरमध्ये घेतली जाते. हे सॉफ्टवेअर चित्राचे निळसर, किरमिजी, पिवळा व काळा अशा रंगांत विभाजन करते आणि गडद कपड्यासाठी चित्राखाली पांढऱ्या शाईचा थर किती द्यायचा हे ठरवते.

२. पूर्वप्रक्रिया : गडद कपड्यावर छापण्यापूर्वी प्रीट्रीटमेंट नावाचे द्रव फवारतात. त्यात सामान्यतः कॅल्शियमसारख्या धातूंचे क्षार आणि बंधक द्रव्य असते. क्षारांच्या संपर्कात येताच पांढरी शाई घट्ट होते व धाग्यांत शोषली न जाता पृष्ठभागावर राहते. द्रव कमी पडल्यास पांढरा रंग फिका व डागाळ दिसतो. जास्त पडल्यास कापड कडक होते व त्यावर चौकोनी डाग राहतो.

३. वाळवण व सपाटीकरण : फवारलेला कपडा हीट प्रेसखाली पूर्ण वाळवतात. यामुळे कापडावरचे बारीक तंतूही दबून बसतात.

४. छपाई : कपडा प्लॅटन या सपाट पाटावर सुरकुती न ठेवता बसवतात. गडद कपड्यावर आधी पांढरा थर व त्यावर रंगीत थर छापला जातो. प्रिंट हेड आणि कापड यांच्यात काही मिलिमीटरचेच अंतर असते. त्यामुळे शिवण, बटण किंवा चुणी वर आलेली असल्यास हेडला धक्का लागू शकतो.

५. पक्की करणे : छापलेली शाई साधारण १६० ते १७० अंश सेल्सियसला तापवतात. हीट प्रेसमध्ये यासाठी अर्ध्या मिनिटापासून दीड-दोन मिनिटांपर्यंत, तर कन्व्हेयर भट्टीत काही मिनिटे लागतात. नेमके तापमान व वेळ शाईच्या उत्पादकाने दिलेल्या तक्त्यावरून घ्यावी लागते. हा टप्पा अपुरा राहिला तर छपाई त्या दिवशी उत्तम दिसते, पण पहिल्या-दुसऱ्या धुण्यातच उतरते.

शाई

या यंत्रांत पाण्यावर आधारित रंगद्रव्याची शाई वापरतात. रंगद्रव्याचे कण धाग्याशी रासायनिक बंध करत नाहीत. शाईतील बंधक तापवल्यावर त्यांची चिवट पातळ पापुद्र्यासारखी परत तयार होते व ती कण धरून ठेवते.

पांढरी शाई हा या तंत्राचा सर्वांत नाजूक भाग आहे. तिच्यातील टायटॅनियम डायऑक्साइडची घनता पाण्याच्या सुमारे चौपट असते. साहजिकच ते कण तळाशी बसू लागतात. शाई हलती न ठेवल्यास नळ्या, गाळण्या आणि नोझल तुंबतात. चांगल्या यंत्रांत शाई सतत फिरती ठेवण्याची व्यवस्था असते. इतर यंत्रांत बाटल्या रोज हाताने हलवाव्या लागतात. मुदत उलटून गेलेली किंवा वेगळ्या उत्पादकाची शाई मिसळल्यास होणारे नुकसान शाईच्या किमतीपेक्षा कितीतरी मोठे असते, कारण प्रिंट हेड हा यंत्राचा सर्वांत महाग भागांपैकी एक आहे.

योग्य कापड

ही शाई मुख्यतः सुती कापडासाठी आहे. पिंजून व विंचरून काढलेल्या, एकसारख्या सुताच्या घट्ट विणीवर चित्र स्पष्ट येते. लव असलेल्या कापडावर तंतू उभे राहून चित्रात ठिपके दिसतात. सिलिकॉनयुक्त मऊपणाचे द्रव्य दिलेल्या कापडावर शाई नीट धरत नाही. पॉलिएस्टरमिश्रित गडद कापड तापवल्यावर त्याचाच रंग वर येऊन पांढरी शाई गुलाबी किंवा मळकट होऊ शकते. म्हणून खेळाडूंच्या पॉलिएस्टर जर्सीसाठी ही पद्धत सहसा निवडत नाहीत.

महाराष्ट्रात इचलकरंजी, भिवंडी व मालेगाव ही यंत्रमागावरील विणलेल्या कापडाची केंद्रे असली, तरी टी-शर्टचे कापड होजिअरी प्रकारचे असते. कोरे सुती टी-शर्ट मोठ्या प्रमाणावर तमिळनाडूतील तिरुपूर येथून येतात. पुरवठादार तोच असला तरी प्रत्येक नव्या गठ्ठ्यातील एक नग छापून व धुऊन पाहणे इष्ट ठरते, कारण कापडावरील अंतिम प्रक्रिया गठ्ठ्यागणिक बदलू शकते.

अन्य पद्धतींशी तुलना

स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र स्क्रीन तयार करावी लागते. त्यामुळे पहिल्या नगाचा खर्च मोठा असतो, परंतु संख्या वाढत जाईल तसा नगामागचा खर्च झपाट्याने उतरतो. थेट छपाईत पहिल्या आणि शंभराव्या नगाचा खर्च जवळपास सारखाच राहतो. एकाच रंगातील पाचशे टी-शर्टचे काम स्क्रीनवर, तर छायाचित्र असलेल्या दहा टी-शर्टचे काम थेट छपाईवर परवडते.

सब्लिमेशन ही पद्धत पॉलिएस्टरच्या फिकट कापडासाठी आहे. तीत रंग वायुरूप होऊन धाग्यात शिरतो. डीटीएफ पद्धतीत चित्र प्रथम प्लास्टिकच्या फिल्मवर छापून, त्यावर चिकट भुकटी लावून उष्णतेने कपड्यावर उतरवतात. तिला पूर्वप्रक्रिया लागत नाही आणि सुती व पॉलिएस्टर दोन्ही कापडे चालतात, म्हणून गेल्या काही वर्षांत लहान दुकानांत तिचा प्रसार वेगाने झाला. मात्र तिच्या मोठ्या चित्राखाली कापडाला हवा लागत नाही व हाताला रबरी थर जाणवतो. फिकट सुती कपड्यावरील थेट छपाई स्पर्शाला मऊ असते, हा तिचा टिकून राहिलेला गुण आहे.

यंत्राची निवड

यंत्र घेण्यापूर्वी पुढील बाबी तपासल्या जातात.

* मागणीचे स्वरूप : महिन्याला किती नग, त्यांतील गडद किती व फिकट किती. पांढऱ्या शाईमुळे गडद कपड्याचा वेळ व खर्च दोन्ही वाढतात.
* छपाईचा आकार : प्रचलित प्लॅटन सुमारे ३५ × ४० सेंटीमीटरचा असतो. लहान मुलांचे कपडे, बाह्या व पिशव्यांसाठी वेगळे प्लॅटन लागतात.
* सेवा : तंत्रज्ञ कोणत्या शहरात राहतो, बोलावल्यावर किती दिवसांत येतो व सुटे भाग देशात उपलब्ध आहेत काय. मुंबई-पुण्यात सहज मिळणारी सेवा लातूर किंवा गोंदियात त्याच वेगाने मिळेलच असे नाही.
* हमी : प्रिंट हेड हमीत आहे की नाही आणि कोणत्या अटीवर. अन्य शाई वापरल्यास किंवा रोजची स्वच्छता न केल्यास हमी रद्द होण्याची अट सामान्यतः असते.
* पूरक साधने : हीट प्रेस, पूर्वप्रक्रियेचे फवारणीयंत्र, रिप सॉफ्टवेअर, अखंड वीजपुरवठ्याचे उपकरण, आर्द्रतामापक. केवळ मुद्रकाची किंमत म्हणजे एकूण भांडवल नव्हे.
* प्रात्यक्षिक : विक्रेत्याने तयार ठेवलेला नमुना पुरेसा नसतो. स्वतःचा काळा टी-शर्ट व स्वतःचे चित्र नेऊन समोर छापून घेणे, तो घरी पाच-सहा वेळा धुणे आणि मगच निर्णय घेणे ही रूढ दक्षता आहे.

कागदाच्या ए-३ मुद्रकात फेरबदल केलेली यंत्रे स्वस्त असतात. त्यांत शाई फिरती ठेवण्याची व्यवस्था व हेडच्या उंचीचा संवेदक असेलच असे नाही, आणि मूळ उत्पादकाची हमीही राहत नाही. वापरलेले यंत्र घेताना नोझल तपासणीचा कागद डोळ्यांसमोर काढून घेतात. त्यावरील तुटलेल्या रेषा बंद नोझल दर्शवतात. पांढऱ्या रंगाची रेषा पाहण्यासाठी गडद कागद किंवा पारदर्शक फिल्म वापरतात. यंत्र किती काळ बंद होते हा प्रश्न ते किती वर्षे वापरले यापेक्षा अधिक महत्त्वाचा ठरतो.

खर्चाचा हिशेब

नगामागचा खर्च काढताना नवउद्योजक बहुधा कोरा टी-शर्ट आणि शाई एवढेच धरतात. प्रत्यक्षात पूर्वप्रक्रियेचे द्रव, स्वच्छतेत वाया जाणारी शाई, वीज, जागेचे भाडे, मजुरी, बिघडलेले नग आणि यंत्राची झीज हे सर्व घटक त्यात येतात.

भांडवलाचा भार उदाहरणाने स्पष्ट होतो. यंत्र व पूरक साधने मिळून १५ लाख रुपये लागले आणि त्यांचे उपयुक्त आयुष्य पाच वर्षे धरले, तर वर्षाला ३ लाख रुपये झीज होते. वर्षात ३०० दिवस काम झाल्यास दिवसाला १,००० रुपये पडतात. रोज २० नग छापले तर नगामागे ५० रुपये, पण रोज पाचच नग छापले तर नगामागे २०० रुपये केवळ यंत्रापोटी जातात. यात कर्जावरील व्याज धरलेले नाही.

बिघडलेल्या नगांचा भारही चांगल्या नगांवरच पडतो. कोरा कपडा व साहित्य मिळून नगाला १५० रुपये लागत असतील आणि शंभरांतील पाच नग बिघडले, तर १५,००० रुपये ९५ नगांवर विभागले जातात व प्रत्येक नगाचा साहित्यखर्च सुमारे १५८ रुपये होतो. ग्राहकाने स्वतःचा कपडा छपाईसाठी आणला असेल तर तो बिघडल्यास भरपाई कोणी करावी हे काम घेतानाच लेखी ठरवणे आवश्यक असते.

मागणी निश्चित नसलेल्या काळात अनेक जण प्रथम दुसऱ्या छपाईवाल्याकडून नगावर काम करून घेतात व दरमहा मागणी स्थिर झाल्यावरच यंत्र घेतात. या मार्गात नगामागचा नफा कमी असतो. मात्र कर्जाचा हप्ता नसतो.

अर्थसाहाय्य व कर

नव्या सूक्ष्म उद्योगांसाठी केंद्र शासनाचा पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम २००८ पासून सुरू झाला. २०२२ मधील सुधारित नियमांनुसार उत्पादन उद्योगासाठी ५० लाख व सेवा उद्योगासाठी २० लाख रुपये अशी प्रकल्पखर्चाची कमाल मर्यादा ठरवण्यात आली. अर्जदाराचा प्रवर्ग व उद्योगाचे ठिकाण यांनुसार १५ ते ३५ टक्के अनुदानाची तरतूद आहे. महाराष्ट्र शासनाने २०१९ मध्ये मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम सुरू केला. जिल्हा उद्योग केंद्रात या योजनांची माहिती मिळते. अनुदान हातात रोख मिळत नाही. ते काही वर्षे बँकेत अडकवून ठेवले जाते आणि उद्योग चालू राहिल्यासच कर्जात वळते होते. त्यामुळे अनुदान मिळणार म्हणून मोठे यंत्र घेण्याचा निर्णय धोक्याचा ठरू शकतो.

वस्तू व सेवा कराच्या २२ सप्टेंबर २०२५ पासूनच्या रचनेत नगाला २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यांवर ५ टक्के आणि त्यावरील किमतीच्या कपड्यांवर १८ टक्के कर आहे. स्वतःचा टी-शर्ट छापून विकणे आणि ग्राहकाच्या कपड्यावर छपाई करून देणे हे कराच्या दृष्टीने वेगवेगळे व्यवहार आहेत.

दैनंदिन निगा

रोज काम सुरू करताना नोझल तपासणीचा कागद काढणे, पांढरी शाई हलवणे व हेडखालची टोपी आणि पुसणी स्वच्छ करणे हा किमान नित्यक्रम आहे. कापडाचे तंतू हेडखाली साचून शाई ओढून घेतात. ते उत्पादकाने सांगितलेल्या द्रवाने व लव न सुटणाऱ्या काडीने काढतात. नोझल बंद दिसताच पुन्हा पुन्हा सखोल स्वच्छता चालवल्यास शाई मोठ्या प्रमाणात वाया जाते. आधी हलकी स्वच्छता, थोडा विराम व पुन्हा तपासणी असा क्रम ठेवतात.

दिवाळी किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत दुकान आठ-दहा दिवस बंद ठेवायचे असल्यास एक तर रोज कोणी येऊन यंत्र चालवावे लागते किंवा पांढऱ्या शाईच्या नळ्या स्वच्छताद्रवाने भरून ठेवाव्या लागतात. मुख्य वीज बंद केल्यास शाई फिरवणारी यंत्रणाही थांबते, ही बाब नव्या वापरकर्त्यांच्या लक्षात येत नाही.

हवामानाचा परिणाम

बहुतेक उत्पादक मध्यम तापमान व सुमारे ४० ते ६० टक्के किंवा त्याहून थोडी अधिक सापेक्ष आर्द्रता सुचवतात. विदर्भ व मराठवाड्यातील उन्हाळ्यात हवा अतिशय कोरडी होते व नोझलच्या तोंडाशी शाई सुकते. तेथे खोलीत आर्द्रक ठेवावा लागतो. कोकण व मुंबईत पावसाळ्यात कोरे कपडेच ओलावा धरतात. असा कपडा छपाईपूर्वी काही सेकंद दाबून वाळवला नाही तर पूर्वप्रक्रियेचे द्रव असमान बसते आणि पक्की करताना उष्णतेचा काही भाग पाण्याची वाफ करण्यातच खर्च होतो. यंत्र पंख्याच्या झोतात, खिडकीजवळ किंवा शिलाई यंत्रांच्या शेजारी ठेवणे टाळतात.

देवनागरी मजकुराची छपाई

मराठी मजकूर छापताना होणाऱ्या चुका बहुधा यंत्राच्या नसून फाइलच्या असतात. भारतीय लिपींचा पर्याय चालू नसलेल्या चित्रसंपादकात जोडाक्षरे तुटतात आणि ऱ्हस्व इकार अक्षराच्या चुकीच्या बाजूस जातो. जुन्या, युनिकोडपूर्व टंकातील मजकूर दुसऱ्या संगणकावर तो टंक नसल्यास निरर्थक चिन्हांत बदलतो. म्हणून मजकूर अंतिम झाल्यावर त्याचे बाह्यरेषांत रूपांतर करून फाइल देतात. रफार, अनुस्वार व बारीक वेलांट्या फार लहान आकारात छापल्यास पांढऱ्या थराच्या पसरण्याने बुजतात. नावांची यादी असलेल्या कामात ग्राहकाकडून शुद्धलेखन तपासून लेखी मान्यता घेण्याची प्रथा उपयुक्त आहे. छापलेला टी-शर्ट कोरा करता येत नाही.

कायदेशीर बाबी

एक नगही छापता येतो, या सोयीमुळे दुसऱ्याचे चित्र छापण्याचा मोह वाढतो. चित्रपटातील पात्रे, क्रीडासंघांची चिन्हे, कंपन्यांची बोधचिन्हे व चित्रकारांच्या कलाकृती यांना प्रताधिकार कायदा, १९५७ आणि व्यापारचिन्ह कायदा, १९९९ यांचे संरक्षण असते. ग्राहकाने चित्र आणून दिले एवढ्याने छापणाऱ्याची जबाबदारी संपत नाही. राष्ट्रीय सन्मानाच्या अवमानास प्रतिबंध करणाऱ्या १९७१ च्या कायद्यात २००५ साली झालेल्या दुरुस्तीनुसार कमरेखाली घालावयाच्या पोशाखात राष्ट्रध्वजाचा वापर करणे, तसेच रुमाल, उशा, अंतर्वस्त्रे किंवा पोशाखाचे कापड यांवर राष्ट्रध्वज छापणे अवमानात मोडते. स्वातंत्र्यदिन व प्रजासत्ताकदिनाच्या सुमारास येणाऱ्या मागण्यांच्या संदर्भात ही तरतूद महत्त्वाची आहे.

आरोग्य व सुरक्षितता

पूर्वप्रक्रियेचे द्रव फवारताना सूक्ष्म तुषार हवेत उडतात व आजूबाजूच्या धातूच्या भागांना गंज आणतात. त्यामुळे फवारणी मुद्रकापासून दूर, हवेशीर जागी, मुखपट्टी लावून करतात. हीट प्रेसला मोठा विद्युतप्रवाह लागतो. तिला स्वतंत्र जोडणी व भूसंपर्कन आवश्यक असते. टाकाऊ शाई उघड्या गटारात न ओतता वेगळी साठवून तिची विल्हेवाट लावणे अपेक्षित आहे.

टिकाऊपणा व ग्राहकास द्यावयाच्या सूचना

छापलेला कपडा उलटा करून, थंड पाण्यात, सौम्य साबणाने धुणे, ब्लीच न वापरणे आणि चित्रावर थेट इस्त्री न फिरवणे या सूचना कपड्यासोबत छापून दिल्या जातात. दगडावर घासणे, धोपटणे किंवा ताठ ब्रशने घासणे यांमुळे छपाई लवकर झिजते. काही दुकाने प्रत्येक नव्या शाईच्या खेपेचा एक टी-शर्ट ठरावीक वेळा धुऊन तारखेसह जपून ठेवतात. तक्रार आल्यास दोष छपाईचा की धुण्याचा हे ठरवण्यास असा नमुना उपयोगी पडतो.

मर्यादा

थेट छपाईचा वेग स्क्रीन प्रिंटिंगच्या तुलनेत कमी आहे. धातुवर्णी, चमकी किंवा फुगीर परिणाम तिच्यात सहज मिळत नाहीत. गडद कपड्यावरील गुणवत्ता पूर्वप्रक्रियेतील कौशल्यावर अवलंबून राहते. मागणी हंगामी असेल, म्हणजे गणेशोत्सवापूर्वी गर्दी व त्यानंतर शांतता असे चित्र असेल, तर रिकाम्या महिन्यांतही शाई, स्वच्छता आणि कर्जाचा हप्ता यांचा खर्च चालूच राहतो. त्यामुळे वर्षभर पुरेल असे काम, निगेसाठी रोज उपलब्ध असणारी व्यक्ती आणि जवळची तांत्रिक सेवा या तीन गोष्टी असलेल्या व्यवसायासच हे यंत्र साधारणतः लाभदायक ठरते.

हेही पाहा

* स्क्रीन प्रिंटिंग
* सब्लिमेशन छपाई
* होजिअरी
* तिरुपूर
* युनिकोड